नाव परत मिळालेला वैमानिक

(पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात मोजकेच भारतीय वैमानिक होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर हे त्यांच्यापैकी एक. विमान चालवण्याचा हक्क मिळवण्यासाठी त्यांना झगडावे लागले. युद्धात त्यांचा प्राण गेला आणि काही काळ त्यांचे नावही हरवले. ते नाव परत कसे मिळाले, ते या पाठात वाचा.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठी आडनावांची एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. नगरचा तो नगरकर, जामखेडचा तो जामखेडकर आणि मुंबईचा तो मुंबईकर. गावाच्या नावाला ‘कर’ जोडले की आडनाव तयार होते. तुमच्या उर्दूतही अशीच रीत आहे. दिल्लीचा शायर देहलवी होतो, लखनौचा लखनवी होतो. आपल्या गावचा शायरही नावापुढे मोठ्या अभिमानाने अहमदनगरी असे लिहितो. माणूस कुठेही गेला, तरी त्याचे गाव असे त्याच्या नावाबरोबर चालत राहते.

गोव्यात फोंडा तालुक्यात वेलिंग नावाचे गाव आहे. त्या गावावरून वेलिंगकर किंवा वेलिंकर हे आडनाव पडले. या आडनावाचा एक तरुण मुंबईहून इंग्लंडला गेला आणि तेथून फ्रान्सच्या आकाशात पोहोचला. परक्या देशात त्याला मरण आले. दफन करणाऱ्यांना त्याचे आडनाव नीट लिहिता आले नाही. दोन-चार अक्षरे बदलली आणि त्याबरोबर त्याचे गाव, त्याचा देश आणि त्याची ओळखही पुसली गेली.

श्रीकृष्ण वेलिंकर यांचा जन्म १८९४ साली मुंबईत झाला. त्या काळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते. सुखवस्तू घरांतील हुशार मुले उच्च शिक्षणासाठी बोटीने इंग्लंडला जात. बॅरिस्टर व्हावे, डॉक्टर व्हावे किंवा मोठी सरकारी परीक्षा द्यावी, अशी त्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची इच्छा असे. श्रीकृष्णही इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात ते शिकले.

१९१४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस पहिले महायुद्ध सुरू झाले. एका बाजूला इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया होते. दुसऱ्या बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान होते. हे युद्ध युरोपातले असले, तरी आपला देश इंग्रजांच्या ताब्यात असल्यामुळे आपली माणसेही त्यात ओढली गेली. दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. त्यांपैकी सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची मुले मराठा पलटणीत भरती झाली आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली. दजला नदीच्या काठी कुत नावाचे गाव आहे. तेथे तुर्की सैन्याने इंग्रजांच्या फौजेला वेढा घातला. अन्नधान्य संपले, आजार पसरले आणि शेवटी २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेला शरण जावे लागले. त्या फौजेत मराठा पलटणीचे जवानही होते.

जमिनीवर अशी लढाई चालू असताना आकाशात एक नवेच युद्ध सुरू झाले होते. राइट बंधूंनी पहिले विमान उडवले ते १७ डिसेंबर १९०३ रोजी. महायुद्ध सुरू झाले, तेव्हा विमान अकरा वर्षांचेही झाले नव्हते! सुरुवातीला वैमानिक वरून फक्त शत्रूची छावणी पाहून येत. तोफा कोठे आहेत, सैन्य किती आहे, याची माहिती आणत. पुढे विमानांवर मशीनगन बसल्या. विमाने एकमेकांवर तुटून पडू लागली. विमानांतून बॉम्बही टाकले जाऊ लागले. इंग्लंडमधील तरुणांना या नव्या सेवेचे मोठे आकर्षण वाटे.

वेलिंकरांनाही वैमानिक व्हावेसे वाटले. लंडनजवळ हेंडन येथे विमान चालवण्याचे शिक्षण देणाऱ्या खासगी शाळा होत्या. तेथे ते विमान उडवायला शिकले. आता सैन्याच्या हवाई दलात जायचे, एवढेच बाकी होते. त्या दलाचे नाव तेव्हा रॉयल फ्लाइंग कोअर असे होते.

पण येथेच दार बंद झाले. त्या काळी भारतीय माणूस शिपाई होऊ शकत असे, सुभेदार होऊ शकत असे. परंतु इंग्रज शिपायांना हुकूम देणारा अधिकारी होऊ शकत नसे. सैन्यातील डॉक्टर सोडले, तर असा दर्जा भारतीयांना मिळत नव्हता. आणि वैमानिक हा बहुधा अधिकारीच असे. वेलिंकरांना अधिकारी म्हणून घेण्यास प्रथम नकार मिळाला. त्यांनी हवे तर मेकॅनिक म्हणून भरती व्हावे, असे त्यांना सुचवण्यात आले.

मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. मेकॅनिकचे काम हलके असते का? मुळीच नाही. इंजिन दुरुस्त करणारा माणूस नसेल, तर विमान जमिनीवरून हलणारही नाही. कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते. प्रश्न कामाचा नव्हता, कारणाचा होता. या तरुणाला विमान चालवता येत होते. तरीही तो भारतीय आहे म्हणून त्याने विमान पुसावे आणि दुसऱ्याने ते उडवावे, असे सांगितले जात होते. हा अन्याय होता. वेलिंकर मागे हटले नाहीत. त्यांनी प्रयत्न चालू ठेवले.

असाच अनुभव आणखी एका तरुणाला आला. त्यांचे नाव हरदित सिंग मलिक. त्यांचा जन्म रावळपिंडीचा. ते ऑक्सफर्डला शिकत होते. तेथील त्यांचे इंग्रज मित्र सैन्यात गेले. मलिक यांना मात्र कोणी घेईना. शेवटी ते फ्रान्सला गेले आणि रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर चालक झाले. पुढे त्यांनी फ्रेंच हवाई दलात जायची तयारी केली. ही गोष्ट त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांना कळली. त्यांनी हवाई दलाच्या सेनापतींना पत्र लिहिले. जो तरुण फ्रेंचांना चालतो, तो आपल्याला का चालू नये, असा त्या पत्राचा आशय होता. एका शिक्षकाच्या पत्राने दार थोडेसे उघडले आणि १९१७ साली मलिक हवाई दलात अधिकारी झाले. डोक्यावरची पगडी त्यांनी काढली नाही. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांनी मुद्दाम तयार करून घेतले.

त्याच १९१७ सालात वेलिंकरांनाही अधिकारपद मिळाले. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय आणि एरॉल चंदर सेन हे दोन बंगाली तरुणही दलात दाखल झाले. रॉय यांना डोळे अधू असल्याचे सांगून प्रथम परत पाठवले होते. त्यांनी आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून नामांकित डॉक्टरांकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि प्रवेश मिळवला. मुंबई, कलकत्ता आणि रावळपिंडी अशा दूरदूरच्या गावांचे, वेगवेगळ्या भाषा बोलणारे हे चार तरुण. चौघांनाही एकच बंद दार ठोठवावे लागले आणि चौघांनीही ते ठोठावणे सोडले नाही.

आता त्या काळचे विमान कसे होते, ते पाहू. आजच्यासारखे धातूचे, बंद खिडक्यांचे विमान डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हाचे विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. एकावर एक असे दोन पंख आणि त्यांना बांधणाऱ्या तारा. वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नसे. उंच आकाशात हाडे गोठवणारी थंडी असे. वैमानिक चामड्याचे कोट आणि जाड हातमोजे घालत, तरीही बोटे बधिर होत. विमान चालवायला शिकतानाच कितीतरी तरुण अपघातात मरण पावत. शत्रूची गाठ पडण्याआधीच त्यांचे आयुष्य संपे.

१ एप्रिल १९१८ रोजी इंग्लंडने आपल्या लष्कराचे आणि आरमाराचे हवाई विभाग एकत्र केले. त्यातून रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र हवाई दल उभे राहिले. लेफ्टनंट वेलिंकर या दलाच्या २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये होते. स्क्वॉड्रन म्हणजे विमानांची तुकडी. या तुकडीकडे सॉपविथ डॉल्फिन नावाची नवी लढाऊ विमाने होती.

डॉल्फिनची रचना इतर विमानांपेक्षा वेगळी होती. त्यात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्याही वर येई. त्यामुळे त्याला चारही बाजूंचे आकाश स्पष्ट दिसे. शत्रू वरून येवो की मागून, तो नजरेतून सुटत नसे. पण याच सोयीत एक धोका होता. उतरताना विमान उलटले, तर सर्वांत आधी वैमानिकाचे डोके जमिनीवर आदळे. त्याचे इंजिनही अधूनमधून दगा देई. आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. इंग्रज वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट दिले जात नसे! फुग्यात बसून टेहळणी करणाऱ्यांना ते मिळे, विमानातल्यांना नाही. विमानाला आग लागली किंवा पंख मोडला, तर वैमानिकाला उडी मारून वाचण्याची सोय नव्हती. दररोज सकाळी विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. तरीही तो बसत असे.

१९१८ सालचा वसंत ऋतू फ्रान्समध्ये फार कठीण गेला. २१ मार्च रोजी जर्मनीने मोठा हल्ला चढवला. जर्मन सैन्य सॉम नदीच्या खोऱ्यातून वेगाने पुढे आले. आमियाँ हे तेथील महत्त्वाचे शहर. अनेक रेल्वेमार्ग तेथे एकत्र येतात. ते शहर पडले असते, तर इंग्रज आणि फ्रेंच सैन्यांची फाटाफूट झाली असती. एप्रिल महिन्यात आमियाँजवळ जर्मन सैन्याला कसेबसे थोपवण्यात आले. याच भागात २४ एप्रिल १९१८ रोजी जगाच्या इतिहासात प्रथमच रणगाड्यांशी रणगाडे लढले. तुमच्यापैकी काहींनी अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय पाहिले असेल. तेथील जुनी चिलखती वाहने पुन्हा पाहाल, तेव्हा आमियाँजवळची ही भूमी आठवा. वेलिंकर याच भूमीवरच्या आकाशात उडत होते.

लढाऊ विमानांचे रोजचे काम गस्त घालण्याचे असे. शत्रूच्या प्रदेशावर जायचे, त्याची विमाने दिसली तर त्यांना अडवायचे आणि उरलेल्या इंधनावर परत यायचे. २७ जून १९१८ रोजी वेलिंकर असेच गस्तीवर निघाले. सॉम नदीच्या परिसरात ब्रे आणि पेरॉन ही गावे आहेत. हा प्रदेश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. त्या गस्तीवरून वेलिंकर परत आले नाहीत.

अशा वैमानिकाच्या नावापुढे बेपत्ता असे लिहिले जाई. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीने तो तुमच्या भाषेसारखाच वापरात ठेवला आहे. ‘बे’ म्हणजे शिवाय, वाचून. ज्याचा पत्ता नाही, तो बेपत्ता. हा शब्द लिहायला सोपा. पण ज्यांच्या घरी असा निरोप जातो, त्यांना तो फार जड असतो. मृत्यूची बातमी आली, तर माणूस रडतो आणि हळूहळू सावरतो. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना नीट रडताही येत नाही. तो जिवंत असेल, कैदेत असेल, एखाद्या दवाखान्यात असेल, अशी आशा त्यांना सोडत नाही. सात समुद्रांपलीकडे मुंबईत वेलिंकरांच्या आप्तांवर हीच वेळ आली.

प्रत्यक्षात वेलिंकरांचे विमान शत्रूच्या हद्दीत कोसळले होते. ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती सापडले. तीन दिवसांनी, ३० जून १९१८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. जर्मनांनी त्यांचे दफन केले आणि कबरीवर नाव लिहिले.

मित्रांनो, त्याच वेळी आपल्या अहमदनगरात काय चालले होते, ठाऊक आहे? इंग्रज सरकारने तेथे मोठी बंदी-छावणी उभारली होती. भारतात राहणारे जर्मन व्यापारी, खलाशी आणि धर्मप्रचारक पकडून तेथे ठेवले होते. त्यांच्या घरची माणसे दूर जर्मनीत त्यांच्या पत्राची वाट पाहत होती. म्हणजे जर्मन कैदी अहमदनगरच्या उन्हात घरची आठवण काढत होते आणि मुंबईचा एक तरुण जर्मनांच्या कैदेत शेवटचे श्वास मोजत होता. युद्ध माणसांना अशा परक्या जागी नेऊन सोडते. वाट पाहणाऱ्या आईची भाषा कोणती, हे युद्ध विचारत नाही.

वेलिंकरांच्या मागोमाग इंद्रलाल रॉय यांचीही वेळ आली. जुलै महिन्यात सुमारे दोन आठवड्यांत त्यांनी शत्रूची दहा विमाने पाडली होती. २२ जुलै १९१८ रोजी हवाई लढाईत त्यांचे विमान पेटून कोसळले. ते केवळ एकोणीस वर्षांचे होते. मरणानंतर त्यांना मोठे शौर्यपदक मिळाले. सेन त्याआधीच, सप्टेंबर १९१७ मध्ये, जर्मनांच्या हाती सापडले होते. युद्ध संपल्यावर ते सुटले. मलिक यांच्या पायात गोळ्या शिरल्या. पण ते वाचले. पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत म्हणून त्यांनी काम केले. ज्या भूमीवर त्यांनी युद्ध पाहिले, तेथे ते मैत्रीचा निरोप घेऊन गेले.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. कैदी आपापल्या घरी परतले. वेलिंकर आले नाहीत. त्यांची कबर कोठे आहे, हेही कळेना. त्यांच्या आप्तांनी शोध सोडला नाही. त्यांच्या ओळखीचा एक ब्रिटिश अधिकारी या कामी मदतीला आला. फ्रान्समधील त्या भागात हजारो कबरी होत्या. कोणावर नाव होते, कोणावर नुसताच क्रूस होता, कोणावर काहीच नव्हते. वेलिंकर हे नाव कोठेही सापडत नव्हते.

शेवटी एका कबरीवर वुमकर असे नाव दिसले. हुद्दा जर्मन भाषेत लिहिलेला होता, लेफ्टनंटच्या बरोबरीचा. असे नाव ना इंग्रजांत असते, ना जर्मनांत. शोधणाऱ्याच्या मनात आले, हा आपलाच माणूस तर नसेल? पुढे तपास झाला आणि ती कबर श्रीकृष्ण वेलिंकरांचीच असल्याचे ठरले.

अशी चूक कशी होते? जर्मन लेखनिकाने असे मराठी आडनाव पूर्वी कधी ऐकले नसावे. घाईत लिहिलेल्या रोमन लिपीत दोन-तीन उभ्या रेघा जवळजवळ आल्या, की एका अक्षराचे दुसरे अक्षर वाटते. तुम्ही उर्दू लिहिता, म्हणून हे तुम्हांला चटकन समजेल. नुक्ता वर दिला की एक अक्षर होते, खाली दिला की दुसरे. एका ठिपक्याने खुदाचे जुदा होते, हे तुम्हांला मौलवीसाहेबांनी किंवा उर्दूच्या बाईंनी शिकवलेच असेल. शुद्धलेखन हे केवळ गुण मिळवण्यासाठी नसते. एका माणसाचा पत्ता त्यावर अवलंबून असू शकतो.

आज वेलिंकरांची कबर उत्तर फ्रान्समध्ये, आमियाँजवळच्या हांगार गावातील युद्धस्मशानभूमीत आहे. तेथील पांढऱ्या दगडावर त्यांचे खरे नाव कोरलेले आहे. त्या स्मशानभूमीतील सगळे दगड एकाच उंचीचे आहेत. श्रीमंत-गरीब, मोठा अधिकारी-साधा शिपाई, असा भेद दगडात करायचा नाही, असे ती व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने ठरवले होते. जिवंतपणी ज्याला बरोबरीसाठी झगडावे लागले, त्याला मरणानंतर तरी बरोबरीची जागा मिळाली.

पण ही गोष्ट येथे संपवली, तर ती अर्धीच राहील. हा बरोबरीचा नियम सगळ्यांना मिळाला नाही. मेसोपोटेमियात मरण पावलेल्यांसाठी इराकमधील बसरा येथे मोठे स्मारक बांधले गेले. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांची मात्र नावे कोरली नाहीत. अमुक पलटणीचे इतके शिपाई, एवढाच आकडा लिहिला. त्यांत मराठा पलटणीचे जवान होते. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, शीख होते. प्रत्येकाला आईवडिलांनी कौतुकाने ठेवलेले एक नाव होते. पुढे शंभर वर्षांनी, २०२१ साली, त्या संस्थेने स्वतः चौकशी केली आणि असा भेदभाव झाल्याचे मान्य करून माफी मागितली.

वेलिंकर शिकलेल्या घरातले होते. त्यांच्यासाठी पत्रे लिहिणारे, चौकशी करणारे, ओळखी काढणारे लोक होते. म्हणून त्यांचे नाव सापडले. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलासाठी बसऱ्याला कोण जाणार होते? त्याच्या आईला तर अर्ज लिहिण्यासाठीही दुसऱ्याकडे जावे लागले असते. एका वेलिंकरांचे नाव परत मिळाले, याचा आनंद मानताना ज्यांची नावे परत मिळाली नाहीत, त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

तुम्ही विचाराल, ज्यांनी आपल्याला गुलाम केले, त्यांच्यासाठी हे तरुण का लढले? प्रश्न योग्य आहे. त्या वेळी अनेक भारतीयांना वाटत होते, की आपण बरोबरीने लढलो, तर आपल्याला बरोबरीचे हक्कही मिळतील. युद्धानंतर तसे झाले नाही. १९१९ साली अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. लोकांची निराशा झाली आणि स्वातंत्र्याची चळवळ अधिक जोरात सुरू झाली. तरीही या चार तरुणांनी एक गोष्ट सिद्ध केली होती. भारतीय माणसाला विमान चालवता येत नाही, असे म्हणायला आता कोणालाही जागा उरली नव्हती.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली. त्याच्या पहिल्या वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते. ते इंद्रलाल रॉय यांचे भाचे. १९५४ साली तेच हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. ज्या दारात मामांना परत पाठवले होते, त्या दाराची किल्ली भाच्याच्या हाती आली. आज दरवर्षी ८ ऑक्टोबरला आपण वायुसेना दिन साजरा करतो. आपली विमाने आकाशात रांगेने जातात, तेव्हा लाकूड-कापडाच्या विमानात बसून पॅराशूटशिवाय उडालेल्या त्या पहिल्या वैमानिकांचीही आठवण काढायला हवी.

शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत वेशीजवळ, चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक जुना दगड बसवलेला असतो. पहिल्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती मरण पावली, एवढेच त्यावर कोरलेले असते. नावे बहुधा नसतात. तुमच्या गावात किंवा मामाच्या गावात असा दगड असेल, तर तो शोधा. त्यावरची धूळ पुसा. मग गावातील वृद्ध माणसांना विचारा, गेलेली माणसे कोणाच्या घरची होती. आजोबांच्या आजोबांचे नाव कोणाला आठवत असेल, तर ते वहीत लिहून घ्या. उर्दूत लिहा आणि मराठीतही लिहा. मात्र सावकाश लिहा, विचारून लिहा आणि एकही अक्षर चुकू देऊ नका.

शब्दार्थ

बेपत्ता – ज्याचा ठावठिकाणा नाही असा
गस्त – पहाऱ्यासाठी घातलेली फेरी
टेहळणी – दुरून लक्ष ठेवणे
शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारी टोपी
रणगाडा – तोफ बसवलेले चिलखती वाहन
आशय – सांगण्याचा अर्थ
आप्त – नात्यातली, जवळची माणसे
हुद्दा – पद, दर्जा
चावडी – गावाचा कारभार चालण्याची जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) श्रीकृष्ण वेलिंकर यांचे शिक्षण कोठे झाले?
(आ) वेलिंकर कोणत्या स्क्वॉड्रनमध्ये होते?
(इ) वेलिंकरांची कबर कोणत्या गावात आहे?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वेलिंकरांना हवाई दलात प्रथम प्रवेश का मिळाला नाही?
(आ) डॉल्फिन विमानाचा फायदा कोणता आणि धोका कोणता?
(इ) बसऱ्याच्या स्मारकावर कोणता भेदभाव झाला?

३. ‘बे’ हा उपसर्ग लावून तयार झालेले आणि मराठीत वापरले जाणारे पाच शब्द लिहा. प्रत्येक शब्द वाक्यात वापरा.

४. तुमच्या वर्गातील कोणत्याही पाच मुलांची पूर्ण नावे उर्दूत आणि मराठीत लिहा. ती बरोबर आहेत का, हे त्यांनाच विचारून खात्री करा.